अश्फाकभाई आले की सुरू होणारं मशीन

या अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा. वाचणाऱ्याला हसू आलं पाहिजे." मी हो म्हणून बसलो. बोर्ली पंचतनच्या बाजारात एका जिन्याखाली बावीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवलेल्या माणसाकडे गमतींचा काय तोटा? मशीनच्या पोटात पालीने अंडी घातलेली मी पाहिली आहेत. खाऱ्या हवेने स्क्रूची डोकी गंजून गेल्यावर सुतारकामाचा पटाशी-हातोडा वापरून कॉम्प्युटर उघडला आहे. एका गिऱ्हाइकाने तर "व्हायरस झालाय" ऐकून मशीनला कडुलिंबाची धुरी दिली होती, आणि वर मला विचारलं होतं, की धूर आत नीट जाईल अशी भोकं कंपनीने का ठेवली नाहीत.

हे सगळं लिहायचं ठरवून बसलो, पण हात एकाच घराकडे वळायला लागला. तेव्हा ते लिहूनच टाकतो. हसू आलं नाही तर संपादकांनी मला दोष देऊ नये, गमतीच्या विषयालाच सुरुवात केली होती.

त्या घराकडे जाण्याआधी धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. आपण बटण दाबतो तेव्हा मशीनला पहिल्या क्षणी काही म्हणजे काही माहीत नसतं. आपल्याला चालवणारी सिस्टीम विंडोज आहे की लिनक्स, हेही नाही. ते फक्त डिस्कच्या अगदी तोंडाशी जाऊन बघतं. तिथे एक चिमुकला प्रोग्रॅम बसलेला असतो, त्याला आम्ही बूटलोडर म्हणतो. एसटी स्टँडवरच्या खिडकीतला माणूस समजा. गाडी तो चालवत नाही, पण कुठली गाडी कुठे उभी आहे ते तो सांगतो. एका मशीनवर दोन सिस्टीम असल्या की हा खिडकीतला माणूस काळ्या पडद्यावर दोन्हींची नावं दाखवतो, दहा सेकंद थांबतो, आणि कोणी काही बोललं नाही तर पहिल्या गाडीत बसवून मोकळा होतो.

आमच्या खोतगुरुजींना ही दहा सेकंदं सोसायची नाहीत. शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, हौस दांडगी, एका मशीनवर तीन सिस्टीम. "अरे विनू, दहा सेकंदांत माणसाने काय ठरवायचं? मी चष्मा शोधेपर्यंत हे निघून जातं!" मी त्यांना दहाची साठ सेकंदं करून दिली. मग एक सिस्टीम त्यांनी स्वतःच पुसली, तर तिचं नाव यादीत तसंच राहिलं, कारण यादी नव्याने करावी लागते. त्या नावावर बोट दाबलं की पडदा नुसता काळा. गुरुजी म्हणाले, "मेलेल्याचं नाव रेशनकार्डावर राहावं तसं झालं रे." तेव्हा मी मोठ्याने हसलो होतो.

लिनक्स बसवताना मशीन ढीगभर प्रश्न विचारतं. भाषा कुठली, घड्याळ कुठलं, तुमचं नाव काय. त्यात एक प्रश्न असतो, बूटलोडर कुठल्या डिस्कवर बसवू? उत्तर आधीच भरलेलं असतं. बहुतेक वेळा ते बरोबर असतं, म्हणून माणूस न वाचता पुढे जातो. बाकीची उत्तरं चुकली तर सुधारता येतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. हे एक चुकलं तर मशीन उठतच नाही.

आता ते घर. बोर्लीहून दिघीकडे जाताना खाडीच्या कडेला एक मोहल्ला लागतो. तिथे अश्फाकभाई राहायचे. आखातात टगबोटीवर इंजिनाचं काम, वर्षाकाठी दोन महिने सुट्टी. घरात बायको रुबीनाभाभी आणि वडील हसनचाचा. चाचांनी स्वतः तरुणपणी बोटीवर खलाशी म्हणून वर्षं काढलेली, त्यामुळे बोलणं मोजकं आणि आवाज मोठा. मूलबाळ नव्हतं.

अश्फाकभाईंनी मला बोलावलं ते लिनक्ससाठी. पण त्यांना ते घरच्या मशीनमध्ये नको होतं. "घरात भाभीला विंडोज राहूं दे. मला लिनक्स ह्या डिस्कवर टाकून द्या," असं म्हणत त्यांनी तळहाताएवढी पोर्टेबल डिस्क पुढे केली. "म्हंजे मी बोटीवर लॅपटॉपला लावली की माजा सगला माज्यासोबत. घर खिशात घालून न्हेतो बघा." डिस्कवर त्यांनी पांढरी चिकटपट्टी लावून पेनाने 'घर' असं लिहिलंही होतं.

मी कामाला बसलो आणि भाभींनी तांदळाची वाफवलेली सांदणं आणून ठेवली. वर नारळाचं दूध, गूळ घातलेलं. ज्याने ती खाल्ली आहेत त्याला सांगायला नको, की बोटं कशी चिकट होतात. एकामागून एक प्रश्न येत होते आणि मी कीबोर्ड खराब होऊ नये म्हणून डाव्या करंगळीने 'पुढे', 'पुढे' करत होतो. बूटलोडरचा प्रश्न त्या करंगळीखालून निघून गेला. भरलेलं उत्तर होतं, पहिली डिस्क. म्हणजे घरच्या मशीनच्या आतली.

झालं काय, ते स्टँडच्याच भाषेत सांगतो. खिडकीतला माणूस बसला घरच्या मशीनमध्ये, आणि त्याचं वेळापत्रक राहिलं अश्फाकभाईंच्या खिशातल्या डिस्कवर. डिस्क लावलेली असेपर्यंत सगळं ठीक. अश्फाकभाई सुट्टी संपवून डिस्क घेऊन गेले, आणि घरच्या मशीनमधला तो माणूस रिकाम्या हातांनी बसून राहिला. विंडोज आत शाबूत, पण तिथवर न्यायला कोणी नाही. काळा पडदा, त्यावर इंग्रजी दोन ओळी, बस्स. तिकडे बोटीवर डिस्कला खिडकीच नाही, म्हणून लॅपटॉपवर ती उठेना. घर डिस्कवाचून अडलं आणि डिस्क घरावाचून.

आठ दिवसांनी भाभींनी बोलावलं. तो काळा पडदा बघितल्याबरोबर मला माझी करंगळी आठवली. दुरुस्ती पाच मिनिटांची होती. पण दुरुस्त करायचं म्हणजे काय बिघडलं ते सांगायला हवं, आणि पंचक्रोशीत "विनू हात लावेल ते मशीन उठतं" अशी माझी ख्याती. ती ख्याती मला तेव्हा फार प्रिय होती. मी थट्टेवारी नेलं. म्हटलं, "भाभी, ह्याला अश्फाकभाईंची सवय झाली. ते घरात असल्याशिवाय हे सुरू व्हायचं नाही."

मला वाटलं होतं, त्या हसतील आणि मग म्हणतील, चला आता खरं सांगा. तेवढ्यावर मी काहीतरी पुटपुटून दुरुस्त केलं असतं. त्या हसल्या, पण म्हणाल्या, "मग राहूं दे विनूभाव, तसाच. मला मोबाईल हाय. ह्यो पन त्यांचीच वाट बघूं दे."

मी सुटलो. खोटं पचलं की माणसाला चहासुद्धा गोड लागतो.

पुढच्या सुट्टीत अश्फाकभाई आले, डिस्क लावली, मशीन फटक्यात उठलं. मला बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "बोटीवर काय ती चालत न्हाय. पन आता त्यात फोटूच ठेवतो. घरात लावली की उठते, तेवढा पुरे." इथे तरी मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. त्यांनीच सांगितलं, की रुबीना दर शुक्रवारी घर झाडून झालं की मशीनवरची चादर काढते, बटण दाबते, काळं दिसलं की बंद करते आणि चादर पुन्हा घालते. "फोनवर मला सांगते, आज पन न्हाय उठला, म्हंजे तुमी अजून लांब हाव." सांगताना त्यांना लाजही वाटत होती आणि आनंदही होत होता.

अशी तीन वर्षं गेली. मग एक दिवस मोहल्ल्यातून बातमी आली, की अश्फाकभाई बोटीवरून नाहीसे झाले. भर दुपारी डेकवर होते आणि मग नव्हते, एवढंच सोबतच्यांनी फोनवर सांगितलं. शोधाशोध झाली, हाती काही लागलं नाही. मी भेटायला गेलो. चाचा ओट्यावर भिंतीला टेकून होते. भाभी रडत नव्हत्या. मला म्हणाल्या, "मय्यत न्हाय मिलाली, मग मेला कसा म्हनायचा?" मोहल्ल्यातल्या बायका त्यांना समजावून थकल्या. कोणी मेल्याचं नाव काढलं की त्या उठून आत जायच्या. भाऊ न्यायला आला तर त्याच्याबरोबर गेल्या नाहीत. नवरा परत येईल आणि घर बंद असेल, ही एकच भीती त्यांनी धरली होती.

चारेक महिन्यांनी एका शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजाच्या सुमाराला, माझा फोन वाजला. आवाज इतका शांत होता, की आधी मी ओळखलाच नाही.

"विनूभाव, मशीन उठला."

"कुठलं मशीन, भाभी?"

"आमचा. बटन दाबला, नि उठला. ते आले. तुमी येता काय?"

मी दुकानाचं शटर ओढलं आणि स्कूटर काढली. रणरणतं ऊन होतं, रस्त्याला चिटपाखरू नाही, खाडीला पूर्ण ओहोटी आणि चिखलाचा वास. वाटेत मी मनाशी हिशेब मांडत होतो. मदरबोर्डवरची बॅटरी संपली असेल, सेटिंग बदललं असेल, चुकून विंडोज उठलं असेल. विंडोजच असणार. दुसरं काही असूच शकत नव्हतं.

घराचं दार सताड उघडं होतं, दोन्ही फळ्या भिंतीला लावलेल्या. पायरीवर पुरुषाच्या चपला धुऊन ठेवल्या होत्या, अजून ओल्या. आत खुंटीवर इस्त्री केलेला सदरा. खाली चटईवर एक ताट वाढलेलं, त्यात सांदणं, बाजूला पाण्याचा तांब्या. घरात कसलाही आवाज नव्हता, फक्त मशीनचा पंखा घुमत होता.

"या," भाभी म्हणाल्या. धुतलेले कपडे, डोक्यावरून नीट ओढणी. "हळू बोला हां."

मी मशीनकडे बघितलं. विंडोज नव्हतं. लिनक्सचं पान होतं. मधोमध 'अश्फाक' हे नाव, त्याखाली पासवर्डची रिकामी चौकट, आणि चौकटीत उभी रेघ उघडझाप करत होती. समोरची खुर्ची थोडी मागे सरकलेली, कोणी आताच उठून गेल्यासारखी.

माझ्या अंगावर काटा आला. भाभींना जे दिसत होतं त्याने नाही, मला जे माहीत होतं त्याने. त्या पडद्यावरचं अक्षर न् अक्षर त्या डिस्कवरून येतं. डिस्क नसेल तर ते नाव उमटूच शकत नाही. आणि डिस्क तर अश्फाकभाईंच्या बॅगेत, समुद्रापार. इतक्या वर्षांत मशीनने मला कधी घाबरवलं नव्हतं. त्या दुपारी मी आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं आणि खरंच वाटलं, की आता दारावरचा पडदा हलेल आणि ते बाहेर येतील.

"सकालपासून नाव असाच हाय," भाभी म्हणाल्या. "मी हात न्हाय लावला. त्यांचा पासवर्ड त्यांनाच ठावा. तुमीच बोल्लेलाव ना, ते घरात असल्याबिगर ह्यो उठायचा न्हाय? मग मला बाकीच्यांना सांगा तुमी. मी सांगते तर मला येडी म्हनतात."

तीन वर्षांपूर्वीची माझी थट्टा त्या बाईने जशीच्या तशी जपली होती, आणि आता साक्षीला मलाच बोलावलं होतं. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नाही. मी खाली चटईवर बसलो.

"भाभी, मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. मशीनला माणूस कळत नाही. ते अश्फाकभाईंसाठी थांबत नव्हतं. माझी चूक होती. मी एक वस्तू चुकीच्या जागी बसवली, म्हणून हे त्यांच्या डिस्कशिवाय उठत नाही. ते असोत नसोत, डिस्क लावलेली असली की हे उठणार. बस्स, एवढंच आहे."

त्यांनी ऐकलं. राग आला नाही, रडू आलं नाही. विचार करून म्हणाल्या, "मग डिस्क हाय कुठं?"

मला तोच प्रश्न पडला होता. टेबल भिंतीला चिकटून होतं. मी गुडघ्यावर बसलो आणि मशीनच्या मागे हात घातला. धूळ, जळमटं, वायरींचा गुंता. एका बारीक वायरीला बोट लागलं. ती धरून मी हात खाली खाली नेला, टेबलाच्या मागच्या फळीवर, आणि तिथे बोटांना काहीतरी लागलं. ते गरम होतं. बारीक थरथरत होतं. क्षणभर मी हात मागे घेतला, जिवंत काहीतरी असल्यासारखा.

मग वायर न सोडवता मी ते वर काढलं. चिकटपट्टीच्या कडा काळ्या पडल्या होत्या, पण अक्षर अश्फाकभाईंचंच होतं. 'घर'.

भाभींचा चेहरा असा उजळला, की मला अजून तो चेहरा विसरता येत नाही. "बघा!" त्या ओरडल्या. "ही त्यांच्या बॅगेत असते! बॅग घरात आली म्हंजे..." आणि त्या धावतच आतल्या खोलीच्या दाराकडे गेल्या. "अवो..."

दारात हसनचाचा उभे होते. नमाजाहून मागच्या दाराने आले असावेत, डोक्यावर टोपी तशीच. त्यांनी माझ्या हातातल्या डिस्ककडे बघितलं, मग सुनेकडे. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा बारीक ऐकला.

"बॅग आली, रुबी. तो न्हाय आला."

दीड महिन्यापूर्वी बोटीवरचा एक सोबती सुट्टीवर येताना माणगावच्या स्टँडवर चाचांना भेटून बॅग देऊन गेला होता. बॅगेत कागद होता. अश्फाकभाई सापडले होते, आणि तिकडच्याच कब्रस्तानात त्यांचं दफन झालं होतं. चाचांनी बॅग माळ्यावर सुक्या मासळीच्या टोपलीमागे ठेवली. रोज आज सांगतो म्हणायचे आणि सुनेने दार उघडं ठेवलेलं बघून गप्प बसायचे. आदल्या दिवशी ती बाजारात गेली तेव्हा त्यांनी डिस्क काढून लावली. मुलगा लावायचा ते त्यांनी बघितलेलं होतं.

"फोटू बघायचा व्हता," ते म्हणाले. "पन फोटू काय दिसला न्हाय. नाव आला. तेवढाच बघत बसलो. मग हिची चाहूल लागली, तसा बटन बंद केला. डिस्क काढायची राहून गेली."

भाभी दाराला धरून खाली बसल्या. मग जो आवाज झाला तो मी लिहीत नाही. शेजारच्या बायका धावत आल्या, मी उठून ओट्यावर गेलो. चपला अजून पायरीवरच होत्या. येता-जाता कोणाचा पाय लागू नये म्हणून मी त्या उचलून आत ठेवल्या. दुसरं करण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं.

अनेक महिने मी त्या बाजूला फिरकलो नाही. खरं सांगायचं तर तोंड दाखवायची हिंमत नव्हती. मग चाचांचाच निरोप आला, की सून म्हणते, मशीन नीट करून द्या.

मी गेलो. हात स्वच्छ धुऊन बसलो. खाऊ पुढे आला तर आधी काम, म्हणून सांगितलं. अश्फाकभाईंचे फोटो आधी घरच्या मशीनमध्ये उतरवले, मग आतल्या डिस्कच्या तोंडाशी विंडोजचा बूटलोडर पुन्हा बसवला. प्रश्न आला, कुठल्या डिस्कवर? तो मी दोनदा वाचला. डिस्क काढून भाभींच्या हातात दिली आणि मशीन बंद करून परत सुरू केलं. ते विनातक्रार उठलं.

भाभी मागे उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "तवाच केला असता तर किती वेल लागला असता?"

"पाच मिनिटं."

मला वाटलं, शिव्या घालतील तर बरं होईल. त्यांनी पुढे होऊन स्वतः मशीन बंद केलं, थोडं थांबल्या आणि स्वतः बटण दाबलं. पडदा काळा झाला, आणि मग उजळला. त्या बघत राहिल्या.

"म्हंजे आता ह्यो कोनी पन दाबला तरी उठनार?"

"हो."

"कोनी पन?"

"कोणीही, भाभी."

त्यांनी मान हलवली, मशीन बंद केलं आणि त्यावर चादर घातली. त्या दिवशी शुक्रवार नव्हता.